आजीव व्हिसा आणि अर्धे आपलेपण : ओसीआय कार्डाचे परीक्षण

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाला मायदेशी येण्याजाण्यासाठी आणि राहण्यासाठी भारत सरकार जी सेवा देते, तिचे नाव 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड, म्हणजेच बोलीतले ओसीआय. उपाहारगृहाचे किंवा मिक्सरचे परीक्षण लिहावे तसे सरकारी कार्डाचे लिहायचे का, असे कोणी विचारील. परंतु परदेशातून अर्ज करताना या कार्डासाठी २७५ डॉलर आणि वर सेवाशुल्क मोजावे लागते, आजवर चाळीस लाखांहून अधिक लोकांना ते मिळालेले आहे, आणि तरीही त्याविषयीची माहिती बहुतेकांना नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरूनच मिळते, ज्यात भावनेचा भाग मोठा आणि नियमांचा भाग थोडा असतो. मी न्यू जर्सीत बरीच वर्षे राहिले, तिथले नागरिकत्व घेतले, आणि सासूबाईंच्या आजारपणापासून आमचे कुटुंब पुण्यात आहे. म्हणजे कार्डाचा उपयोग पाहुणी म्हणूनही केला आहे आणि रहिवासी म्हणूनही. माझे मत आधीच सांगून टाकते: प्रवास आणि वास्तव्य यांसाठी यापेक्षा चांगली सोय मिळणे कठीण आहे, मात्र सोडलेले नागरिकत्व आपल्याला या कार्डातून परत मिळते अशा समजुतीने ते घेणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

हे कार्ड मुळात का निघाले ते समजून घेतल्याशिवाय त्याच्या मर्यादांवर रागावण्यात अर्थ नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेणारा माणूस भारताचा नागरिक राहत नाही, हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ९ मध्ये आणि पुढच्या काळासाठी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. फाळणीच्या छायेत, ऑगस्ट १९४९ मध्ये, संविधान सभेने नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा केली तेव्हा आपल्या विदर्भातले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी मसुद्यामुळे भारताचे नागरिकत्व फार स्वस्त होईल अशी कडक टीका केली होती; त्यांनी सुचवलेली धर्माधारित दुरुस्ती सभेने स्वीकारली नाही, पण नागरिकत्व ही सहज वाटायची वस्तू नव्हे हा त्या काळचा सूर त्यातून कळतो. पुढे अर्ध्या शतकाने एल. एम. सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला आणि दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईत उतरले, म्हणून त्या तारखेला प्रवासी भारतीय दिवस पाळण्याची कल्पनाही याच समितीची. २००३ च्या दुरुस्तीने आरंभी सोळा देशांपुरती ही योजना आखली गेली, २००५ मध्ये ती पाकिस्तान आणि बांगलादेश वगळता सर्वांना खुली झाली, आणि जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डे दिली गेली. प्रत्यक्ष कायदा होईपर्यंत समितीच्या शिफारशीतले दुहेरी नागरिकत्व गळून पडले होते आणि आजीव व्हिसा व त्याला जोडलेल्या काही सवलती एवढे उरले होते.

आता सेवेच्या प्रत्यक्ष अनुभवाकडे वळते. पहिली पायरी कार्डाची नाहीच, ती आहे भारतीय पासपोर्ट परत करून नागरिकत्व सोडल्याचा दाखला घेण्याची. अमेरिकेच्या शपथविधीत परकीय सत्तांवरील निष्ठेचा त्याग मोठ्याने उच्चारावा लागतो. पण तो उच्चार सभागृहातल्या शेकडो लोकांबरोबर होत असल्यामुळे फारसा जाणवत नाही. जाणवतो तो रद्द झाल्याचा शिक्का बसून टपालाने परत आलेला निळा पासपोर्ट. यानंतरचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच असावे लागते, सही ठरलेल्या चौकटीतच बसावी लागते, आणि कागदपत्रे स्कॅन करून चढवल्यावरही छापील संच दूतावासाने नेमलेल्या बाहेरच्या कंपनीकडे पाठवावा लागतो. कंपनी कोणती हे देशागणिक आणि वर्षागणिक बदलते, म्हणून तिच्या कारभारावर शेरा मारण्यात हशील नाही.

मराठी बायकांनी एका गोष्टीची तयारी आधीपासून ठेवावी. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि मग आडनाव, अशी त्रिपदी असते. लग्नानंतर तिच्यातली दोन पदे बदलतात, आणि काही घरांत लग्नात मुलीचे स्वतःचे नावही बदलले जाते. माझ्या जुन्या भारतीय पासपोर्टात नवऱ्याचे नाव मधोमध होते, अमेरिकेच्या नागरिकत्वपत्रात मधले नाव पूर्ण गळाले होते, आणि आमच्या लग्नाची नोंदणी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे झालेलीच नव्हती, कारण मंगल कार्यालयाची पावती आणि दोन्हीकडची माणसे हाच तेव्हा पुरावा मानला जाई. अर्ज साहजिकच परत आला. मग लग्नाची नोंदणी विलंबाने करून घेणे, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करणे, त्यावर नोटरीचा शिक्का घेणे असे सगळे झाले. यात कोणाचा दोष काढण्यासारखे नाही. मात्र अर्जाच्या सूचनांमध्ये भारतीय नावांच्या या अगदी सर्वसाधारण प्रकाराविषयी एक परिच्छेद असता तर हजारो अर्ज परत गेले नसते, असे मला वाटते.

कार्ड एकदा हाती आले की त्याचे गुण दिसू लागतात. मुंबईच्या विमानतळावर परदेशी पासपोर्टासोबत ते दाखवले की काम संपते. जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू होऊन नंतर मुंबईसह इतर विमानतळांवर आलेल्या जलद इमिग्रेशनच्या योजनेत आधी नोंदणी केलेल्यांना तर यंत्राच्या फाटकातून जाता येते, आणि ही सोय भारतीय नागरिकांबरोबर ओसीआयधारकांनाच दिलेली आहे. साध्या व्हिसावर १८० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाला नोंदणी कार्यालयाच्या फेऱ्या असतात. ओसीआयवर कितीही वर्षे राहिले तरी ती नोंदणी लागत नाही. खासगी नोकरी करण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. वास्तव्य १८२ दिवसांचे झाले की आधारही काढता येतो, आणि पुण्यात आधार क्रमांकावाचून गॅसजोडणीपासून सिमकार्डापर्यंत काय काय अडते हे ज्याने अनुभवले आहे त्याला या एका ओळीचे मोल कळेल.

पूर्वी पासपोर्ट नवा झाला की कार्डही नवे करण्याचा जाच होता. वीस वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर दर पासपोर्टामागे तेच, आणि पन्नाशीनंतर पुन्हा एकदा. एप्रिल २०२१ मध्ये हे सुटसुटीत झाले. आता विसाव्या वर्षानंतर मिळणाऱ्या पहिल्या पासपोर्टाच्या वेळी एकदाच कार्ड नवे करावे लागते, बाकी वेळा नवा पासपोर्ट आणि छायाचित्र संकेतस्थळावर विनाशुल्क चढवले की झाले. सरकारी योजनेत लोकांचे ऐकून केलेल्या सुधारणा थोड्या असतात. ही त्यांतली एक म्हणून नोंदवते.

वेरूळच्या तिकीट खिडकीवरचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. तिथे भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० रुपये असे दर होते. ओसीआयधारकांना राष्ट्रीय स्मारके, संग्रहालये आणि अभयारण्ये यांत भारतीयांच्याच दराने प्रवेश आहे. आम्ही मराठीत बोलत असल्याने आम्हाला कोणी काहीच विचारले नाही, पण आमच्यासोबत आलेल्या, न्यू जर्सीत वाढलेल्या पुतण्याचे मराठी ऐकून खिडकीवरच्या गृहस्थांनी पासपोर्ट मागितला, मग कार्ड पाहिले, आणि "अरे, तू तर आपलाच की," असे म्हणून चाळीसचे तिकीट फाडले. ते ऐकून पुतण्याला झालेला आनंद मी पाहिला आहे, आणि ५६० रुपयांच्या बचतीशी त्याचा काही संबंध नव्हता. कार्डाने दिलेला इतका निर्भेळ आपलेपणा मला अन्यत्र फारसा भेटलेला नाही.

याच्या उलट अनुभव तलाठी कार्यालयात येतो. ओसीआयधारकाला भारतात घर, सदनिका, दुकान विकत घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. माझ्या माहेरी, शिरोळ तालुक्यात, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर भावाबरोबर माझेही नाव वारस म्हणून लागले. भावाची इच्छा होती की विहिरीजवळचा, आम्ही लहानपणी खेळायचो तो तुकडा पूर्णपणे माझ्या नावावर करून द्यावा. त्याला बक्षीसपत्राचा कागद करता येत नाही, कारण घेणारी मी परदेशी नागरिक आहे. उद्या माझा हिस्सा विकायचा झाला तर तोही भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल. नियमामागचे कारण पटते. शेतजमीन परदेशी पैशाच्या हाती जाऊ नये हे कोणत्याही देशाला वाटेल, आणि महाराष्ट्रात तर शेतकरी नसलेल्या भारतीयालाही शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. तरीही वडिलांच्या जमिनीत आपण वारस आहोत पण भावाची भेट घ्यायला अपात्र आहोत, हे ज्या दिवशी समजते त्या दिवशी आपण कायद्याच्या दृष्टीने नेमके कोण आहोत याविषयी शंका राहत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत माझी तक्रार खरी आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीट, जेईई यांसारख्या प्रवेश परीक्षांत ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांसाठीच्या जागांपुरते मर्यादित केले आणि सर्वसाधारण जागांचे दार बंद केले. त्याआधी कार्ड घेतलेल्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ च्या निकालाने राखला. अधिसूचनेनंतर कार्ड घेतलेल्यांना मात्र हे संरक्षण मिळाले नाही. आमच्या घरात याचा परिणाम असा की माझा मुलगा, ज्याचे कार्ड आधीचे आहे, सर्वसाधारण जागेसाठी स्पर्धा करू शकतो, आणि त्याची आतेबहीण, जी पहिलीपासून नाशिकला मराठी शाळेत शिकली पण जिचे कार्ड उशिरा झाले, तिला अनिवासी कोट्यातल्या कितीतरी पट शुल्काच्या जागेकडे पाहावे लागते. भारतीय करदात्याच्या पैशावर चालणाऱ्या जागा भारतीय नागरिकांसाठी राखाव्यात हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु जे मूल इथेच वाढले, इथेच राहणार आहे आणि ज्याचे आईवडील इथेच कर भरतात, त्याला डॉलरमध्ये कमावणाऱ्यांच्या रांगेत उभे करणे ही काटकसर चुकीच्या ठिकाणी झाली आहे. वास्तव्याची अट घालून हा प्रश्न सोडवता आला असता.

त्याच अधिसूचनेने पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी सक्तीची केली. सुदैवाने रविवारी सकाळी सिंहगड चढण्याला अद्याप कोणी गिर्यारोहण म्हणत नाही. पण परदेशातल्या विद्यापीठातून मराठी हस्तलिखितांवर किंवा वारीवर काम करण्यासाठी येणाऱ्या, इथेच जन्मलेल्या अभ्यासकाने आधी परवानगी काढायची, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. अरुणाचलसारख्या संरक्षित प्रदेशांतही परदेशी माणसाप्रमाणेच परवाना लागतो.

कार्ड 'आजीव' असले तरी ते काढून घेता येते, हेही ग्राहकाला माहीत हवे. २०१९ च्या दुरुस्तीने सरकारने अधिसूचित केलेल्या कायद्यांचा भंग हेही रद्द करण्याचे कारण ठरले, अर्थात बाजू मांडण्याची संधी देऊन. आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली, अथवा सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले, तरी नोंदणी रद्द होऊ शकते. शिक्षा झालेल्याविषयी माझे काही म्हणणे नाही. आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे, आणि भाऊबंदकीच्या दाव्यांत कोणकोणती कलमे लावली जातात हे ज्यांनी गावात पाहिले आहे त्यांना माझी चिंता समजेल.

एवढे सांगितल्यावर मतदानाविषयीची माझी भूमिका अनेक मित्रांना आवडत नाही. ओसीआयधारकाला मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरीत समान संधीचा हक्क नाही, आणि राष्ट्रपतिपदापासून न्यायाधीशपदापर्यंतची घटनात्मक पदे बंद आहेत. भारतीय पासपोर्ट टिकवलेल्या अनिवासी भारतीयाला २०१० च्या दुरुस्तीनंतर मतदारयादीत नाव घालता येते, जरी मत देण्यासाठी स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात यावरून दर निवडणुकीला गरमागरम चर्चा होत असे आणि देशाला इतके पैसे पाठवूनही आम्हाला मत नाही, असा सूर लागत असे. मला हा सूर कधीच पटला नाही. ज्या सरकारच्या निर्णयाचे चटके आपल्याला बसणार नाहीत ते निवडण्याचा हक्क मागणे म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत बसून वाढप्याला मीठ कमी असल्याचे सांगण्यासारखे आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर निघणाऱ्या इंडिया डे परेडमध्ये मीही तिरंगा घेऊन चालले आहे, ढोल ऐकून अंगावर काटा आला आहे, आणि तो खोटा नव्हता. पण त्या भावनेच्या बळावर शिरोळ तालुक्याच्या आमदाराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मला कसा मिळेल, याचे उत्तर मला सापडलेले नाही. आता पुण्यात राहू लागल्यावर, खड्डे आणि टँकर सोसू लागल्यावर, मत नसल्याचे मला पहिल्यांदा खरे दुःख होते, आणि ते दुःख योग्य जागी आहे असे मी मानते.

सरकारला मनात आले तर नियम किती लवचिक होतात याची दोन उदाहरणे मराठी वाचकाला ठाऊक असावीत. परदेशी लष्करात सेवा केलेल्यांना हे कार्ड मिळत नाही. इस्रायलमध्ये लष्करी सेवा सक्तीची असल्याने रायगड-मुंबईकडून गेलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांची त्यात अडचण होत होती. जुलै २०१७ मध्ये तेल अवीवच्या भाषणात पंतप्रधानांनी सक्तीची सेवा केलेल्यांनाही कार्ड देण्याची घोषणा केली. मॉरिशसमध्ये, जिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी म्हणून ओळख सांगतात, मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी सातव्या पिढीपर्यंत पात्रतेची विशेष सवलत जाहीर केली. दोन्ही निर्णय मला मनापासून आवडले. ज्या राज्याला सात पिढ्यांमागचे नाते मोजता येते, त्याला नाशिकच्या शाळेतल्या मुलीची दहा-बारा वर्षे मोजता यायला हवीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा कार्ड कोणी घ्यावे? ज्यांनी नागरिकत्व आधीच सोडले आहे त्यांनी जरूर घ्यावे, मुलांचे लवकर घ्यावे, आणि भारतात राहून अर्ज केल्यास १५,००० रुपयांत काम होते हे ध्यानात ठेवावे. ज्यांनी अद्याप सोडलेले नाही आणि ज्यांचा जीव शेतात, मतपेटीत किंवा सरकारी सेवेत अडकला आहे, त्यांनी केवळ विमानतळावरच्या रांगेला कंटाळून निर्णय घेऊ नये. या तिन्हींपैकी काहीही हे कार्ड परत देत नाही.

परत मिळण्याचा एक रस्ता मात्र कायद्यातच आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(जी) यानुसार पाच वर्षे ओसीआय म्हणून नोंदलेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेली व्यक्ती भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. त्या बारा महिन्यांत विशेष कारणासाठी तीस दिवसांपर्यंतचा खंड सरकार माफ करू शकते. पाच वर्षे आणि बारा महिने या दोन्ही अटी माझ्या पूर्ण होतात. अर्थात मग अमेरिकेचा पासपोर्ट सोडावा लागेल. आमच्या घरी या विषयावर एकमत नाही: पतींना मुलाच्या शिक्षणाचा निकाल लागेपर्यंत थांबायचे आहे, भावाला बक्षीसपत्राचा मसुदा तयार करून ठेवायचा आहे, आणि मुलगा विचारतो की आजीला भेटायला येण्यासाठी लागणारी सगळी सोय या कार्डात आहेच, तर आईला आणखी नेमके काय हवे आहे.